वृद्धापकाळातील व्यायाम

वृद्धापकाळातील व्यायाम : साधारणपणे वयाच्या साठीनंतर शरीराची शक्ती, दम, लवचिकपणा व तोल टिकविण्यासाठी किंवा गेलेली क्षमता परत मिळविण्यासाठी नियमाने केलेली शारीरिक हालचाल. चालणे, योगासने, सूर्यनमस्कार, वजन उचलणे, तोल सांभाळण्याचा सराव इ. प्रकारांबरोबरच बागकाम, घरकाम व जिने चढणे-उतरणे यांसारख्या नित्याच्या कामांचाही तीत अंतर्भाव होतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. एकूण लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण देशात ८.६%, तर महाराष्ट्रात ९.९% होते. वय झालेल्या माणसाला काम न सांगणे, त्याला बसल्या जागी सर्व काही आणून देणे ही आपल्याकडे आदराची व सेवेची खूण समजली जाते. या सेवेतूनच पुष्कळदा वृद्धाचे परावलंबन सुरू होते, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही.

वृद्धांना व्यायाम वर्ज्य आहे, या समजुतीला शास्त्रग्रंथांचा काही आधार दाखविता येतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात बालक, वृद्ध, अजीर्ण झालेले आणि वातपित्ताचे विकार असलेले यांनी व्यायाम टाळावा, असे म्हटले आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांनीही तो थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी करावा, असा त्यात दंडक आहे. सुश्रुतसंहितेचा कल याहून थोडा वेगळा आहे. वय, बल, शरीर, देश, काल व आहार यांचा विचार करून व्यायाम करावा, असे सुश्रुत सांगतो. तोंडाने श्वास घ्यावा लागणे हे अर्धी शक्ती खर्च झाल्याचे लक्षण मानतो आणि व्यायाम करणाऱ्यास जरा एकाएकी गाठत नाही, असेही नमूद करतो. व्यायाम या शब्दाने त्या काळी प्रामुख्याने दमछाक करणारे कष्टाचे प्रकार अभिप्रेत असावेत, कारण चंक्रमणाचा म्हणजे फेरफटक्याचा विचार त्यात वेगळा केलेला आहे. वाग्भटाचा निषेध आखाड्यातील मेहनतीपुरता घेतला, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. पुढील काळात तो सर्वच हालचालींना लावला गेला, हे मात्र अनिष्ट झाले.

वयोमानाने शरीरात होणारे बदल खरेच असतात. पन्नाशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दरवर्षी सुमारे १ ते २ टक्क्यांनी घटते. या ऱ्हासाला १९८०–९० या दशकाच्या अखेरीस ‘सार्कोपेनिया’ असे स्वतंत्र नाव देण्यात आले. परिश्रमाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ती मर्यादाही बैठे जीवन जगणाऱ्यांत तिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे १० टक्क्यांनी खाली येते. हाडे विरळ होतात, सांधे आखडतात आणि प्रतिक्रियेचा वेग मंदावतो. तथापि यांपैकी वयाचा वाटा किती व निष्क्रियतेचा किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावून त्यांची तपासणी करण्यात आली. त्याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी केली असता असे आढळले, की तीन आठवड्यांच्या विश्रांतीने त्यांच्या ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेत जेवढी घट झाली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयवाढीनेही झाली नव्हती. पुढे सहा महिन्यांच्या सरावानंतर ही क्षमता तारुण्यातील मूळ पातळीवर परत आली. पाच व्यक्तींवरून सार्वत्रिक नियम काढता येत नाही. परंतु ‘वयामुळे असे होणारच’ या विधानाकडे साशंकतेने पाहण्यास हा प्रयोग पुरेसा आहे.

स्नायूंच्या बाबतीत याहून लक्षणीय पुरावा बॉस्टन येथील वृद्धांच्या शुश्रूषालयात मिळाला. नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायाने वजन उचलण्याचा चढत्या क्रमाने सराव देण्यात आला. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार हा कार्यक्रम पुरा करणाऱ्यांच्या पायांची शक्ती सरासरीने पावणेदोन पटींनी वाढली, म्हणजे ती मूळच्या जवळजवळ पावणेतीन पट झाली. चालण्याचा वेग वाढला आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीतील स्नायूही भार दिल्यास प्रतिसाद देतो, हे यावरून स्पष्ट झाले. केवळ सावकाश फिरण्याने ही शक्ती येत नाही. रोज सकाळी फिरावयास जाणारे पुष्कळ वृद्ध हात न टेकता खुर्चीवरून उठू शकत नाहीत, याचे कारण हेच होय.

पडणे हा वृद्धापकाळातील मोठा धोका आहे. मांडीच्या हाडाची मान मोडल्यावर अनेक वृद्ध पुन्हा पूर्ववत हिंडूफिरू शकत नाहीत; एकदा पडलेली व्यक्ती भीतीने हालचाल कमी करते, त्यामुळे पाय आणखी दुर्बल होतात आणि पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये घेण्यात आला. त्यानुसार व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते. तोल व पायांची शक्ती यांवर भर देणारे व्यायाम यासाठी विशेष उपयुक्त ठरतात. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळणे, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्यापुढे ठेवीत सरळ रेषेत चालणे, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे हे असे प्रकार असून त्यांना कोणतेही साहित्य लागत नाही.

महाराष्ट्रातील जुन्या राहणीत यातील बराचसा सराव आपोआप घडत असे. जमिनीवर पाट मांडून जेवणे, मांडी घालून बसणे, उकिडवे बसून भाजी चिरणे, जात्यावर दळणे, विहिरीचे पाणी शेंदणे या कामांत गुडघे, कंबर व खांदे दिवसातून अनेकदा पूर्ण हालत आणि जमिनीवरून उठताना मांड्यांना स्वतःच्या शरीराचे वजन पेलावे लागे. ही कामे मुख्यत्वे स्त्रियांच्या वाट्याला येत व त्यांचे कष्ट अतोनात असत, म्हणून त्यांचा गौरव करण्याचे कारण नाही. पण ती गेल्यावर त्यांची जागा कशानेच भरली गेली नाही. जेवणाचे टेबल, उंच ओटा व खुर्ची आल्यानंतर जमिनीवरून उठण्याची सवय मोडली, आणि मोडलेली सवय सत्तरीत परत आणणे कठीण जाते.

निवृत्तीच्या वेळीही असाच खंड पडतो. कल्याणपलीकडील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग वस्तीच्या शहरांत तो ठळकपणे दिसतो. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढले. अंबरनाथला दारूगोळा व आगपेट्यांच्या कारखान्यांनी आणि नंतर आनंदनगरसारख्या औद्योगिक क्षेत्रांनी कामगारवस्ती आणली. बदलापूर प्रामुख्याने मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांचे गाव बनले. यंत्रापाशी पाळीभर उभा राहणारा कामगार काय किंवा स्थानकापर्यंत पायी जाऊन, पूल ओलांडून, तास-दीड तास लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारा कारकून काय, व्यायाम हा शब्द न उच्चारता रोज पुरेशी हालचाल करीत असतो. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ती एकदम थांबते. शरीराच्या दृष्टीने निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे म्हणूनच निर्णायक ठरतात. अशा औद्योगिक वस्तीत दम्याचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी हिवाळ्यात भल्या पहाटे, धुरकट हवा जमिनीलगत साचलेली असताना, वाहत्या रस्त्याच्या कडेने फिरणे टाळावे. ऊन पडल्यावर फिरणे त्यांना अधिक मानवते.

उतारवयातही व्यायाम न सोडण्याची परंपरा महाराष्ट्रात नाही असे नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३८ मध्ये, म्हणजे त्यांच्या सत्तरीत प्रसिद्ध झाला. औंध येथे दीर्घकाळ राहिलेले वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) हे योगासने व सूर्यनमस्कार यांचे पुरस्कर्ते होते. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) हिंगण्याच्या आश्रमात पायी ये-जा करीत. वयाच्या ७१ व्या वर्षी ते परदेशांच्या प्रवासास निघाले. या दोघांनीही वयाची शंभरी ओलांडली. व्यायामाने शंभर वर्षे लाभतात, असे या उदाहरणांवरून सिद्ध होत नाही. दीर्घायुष्याला आनुवंशिकतेसह इतर कारणे असतात. त्यांच्यावरून एवढेच दिसते, की शेवटपर्यंत कार्यक्षम राहणे शक्य कोटीतील आहे.

पुण्यातील बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांचे कार्य या संदर्भात अधिक उपयोगाचे आहे. आसनांसाठी खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे व लोड यांचा त्यांनी पद्धतशीर वापर केला. त्यामुळे ज्याचा हात जमिनीला पोचत नाही, त्याला तो ठोकळ्यावर टेकून त्याच आसनाचा लाभ घेता येतो. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांना त्यांनी शीर्षासन शिकविले, तेव्हा त्यांनी वयाची ८० वर्षे ओलांडली होती. १९७५ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत ते स्वतः नव्वदीनंतरही आसने करीत. शरीराला आसनाच्या साच्यात न कोंबता आसन शरीराच्या कुवतीला जुळवून घेण्याचे हे तत्त्व वृद्धांच्या कोणत्याही व्यायामाला लागू पडते.

आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किमी. अंतर ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांत वृद्ध स्त्री-पुरुषांची संख्या मोठी असते. मुक्कामांचे टप्पे ठरलेले, भजन म्हणता येईल इतकी संथ चाल, वाटेत विसावे, मधूनच फुगडीसारखे खेळ आणि सतत सोबत, या गोष्टींमुळे एकट्याने न झेपणारे अंतर समूहात पार पडते. मात्र वर्षभर बसून राहणाऱ्याने एकदम वारीस निघणे धोक्याचे असते. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा लांब टप्पा अशांना विशेष जड जातो. समूहाचा हाच लाभ ज्येष्ठ नागरिक संघ व हास्यमंडळे यांतून शहरांत मिळतो. हास्यमंडळांची प्रथा १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली. हसण्याने होणारा व्यायाम अल्पच असतो. पण त्या निमित्ताने माणूस घराबाहेर पडतो व मैदानापर्यंत चालत जातो, हा लाभ कमी नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केलेल्या शिफारशींनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी. किमान दोन दिवस स्नायूंची शक्ती वाढविणारे व्यायाम करावेत आणि तोल व शक्ती यांवर भर देणारे विविध व्यायाम तीन किंवा अधिक दिवस करावेत. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तो वेग मध्यम समजावा. हृद्‌विकारावरील काही औषधांनी नाडीचा वेग कमी राहतो. अशांना नाडी मोजण्यापेक्षा ही खूण अधिक विश्वसनीय ठरते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पाच-दहा मिनिटांपासून प्रारंभ करून काही आठवड्यांत प्रमाण वाढवावे.

विकारानुसार काही पथ्ये पाळावी लागतात. गुडघेदुखीत चालणे सोडून देणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. उकिडवे बसणे टाळून मांडीच्या पुढील स्नायूंना बळकटी दिल्यास वेदना पुष्कळदा कमी होते. त्यासाठी पाठीवर निजून सरळ पाय वीतभर उचलून धरणे हा साधा प्रकार पुरतो. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून झटक्याने पुढे वाकणे टाळावे, कारण त्याने पाठीचे मणके दबण्याची भीती असते; सूर्यनमस्कारही अशांनी जाणकाराच्या सल्ल्याने फेरफार करून घालावेत. काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास डोके खाली करण्याची आसने वर्ज्य करावीत. वजन उचलताना श्वास रोखू नये. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये, जवळ साखर बाळगावी आणि बंद पादत्राणे वापरून पायांची रोज तपासणी करावी. वयपरत्वे तहानेची जाणीव कमी होत असल्याने उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. छातीत दडपण, घेरी किंवा अकस्मात धाप लागल्यास व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

आजारपणानंतर व्यायाम पुन्हा सुरू करताना पूर्वीच्या प्रमाणाच्या निम्म्याहून कमी प्रमाणाने आरंभ करतात. अंथरुणाला खिळलेल्यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घोटे फिरविणे, मुठी आवळणे, गुडघे दुमडणे व खोल श्वास घेणे हे प्रकार दिवसातून अनेकदा करविले जातात. दिवसातून दोनदा खुर्चीत बसविणे ही त्यापुढची पायरी असते आणि आधार देऊन उभे करणे ही तिसरी.