साठीनंतरची सायकल : सोबतीने आणि बेताने

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही सात-आठ जण सायकली घेऊन चौकात जमतो. कोणी रेल्वेत फिटर होते, कोणी वीज मंडळात लाइनमन, कोणी शाळेत शिक्षक, एक ताई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. सगळे आता निवृत्त. 'जय भीम' झाला, चाकांची हवा दाबून पाहिली, की मानकापूरवरून गोरेवाड्याकडे निघतो. वाटेत कपाशी, तुरीची शेते लागतात, हिवाळ्यात संत्र्याच्या बागा. थंडीच्या दिवसांत फेटरीच्या पुढे चिचोलीपर्यंतही जातो. तेथे शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. त्या पाहून, थोडे बसून परततो.

सुरुवातीला शेजारचे विचारायचे, "काय काका, पोरानं गाडी घेऊन दिली नाही का?" त्यांचेही चूक नाही. आपल्या वडिलांच्या पिढीने मिलच्या पाळीला जायला सायकल ओढली, आम्हीही नोकरीची अर्धी वर्षे तिच्यावरच काढली. सायकल म्हणजे गरिबी, हे मनात बसलेले आहे. पण निवृत्तीनंतर खुर्ची आणि टीव्ही यांच्यामध्ये शरीर किती लवकर खचते, हेही आम्ही आमच्यातच पाहिले. एक मित्र वर्षभर घराबाहेर पडेनात. पाय सुजले, साखर वाढली, बोलणे कमी झाले. त्यांना बाहेर काढण्यासाठीच आम्ही हे सुरू केले.

सायकलने काय होते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत. ६५ वर्षांनंतर त्यासोबत तोल सांभाळण्याचे आणि स्नायूंना बळ देणारे व्यायामही हवेत. मध्यम श्रम ओळखायची सोपी खूण अशी : सायकल चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलतानाच दम लागत असेल, तर वेग जास्त झाला.

सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीटवर असते. म्हणून ज्यांना जास्त चालले की गुडघे दुखतात, त्यांनाही सायकल बहुधा झेपते. मांडीचे स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर वापरली जाते. नियमित केल्यास रक्तदाबाला आणि झोपेलाही फायदा होतो. मात्र हाडांना बळकटी यायची तर पायांवर भार पडावा लागतो, म्हणून आठवड्यात दोन-तीन दिवस चालणेही ठेवावे.

निघण्याआधी तपासणी

ज्यांना छातीत दुखते, थोड्या श्रमाने धाप लागते, हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकलला हात लावू नये. रक्तदाब वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल, तर त्या दिवशी घरीच थांबावे आणि दवाखान्यात दाखवावे. तोल पाहण्यासाठी भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे. १० सेकंद उभे राहता येत नसेल, तर आधी तोलाचा सराव करावा, सायकल नंतर.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. सिकलसेलचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारूनच श्रम करावेत. पाणी कमी पडणे, अतिश्रम किंवा थंडी यांनी वेदनांचा झटका येऊ शकतो. वाहकाला एरवी त्रास होत नाही, पण उन्हात जिद्दीने ताण घेणे त्यानेही टाळावे. तपासणी झाली नसेल तर सरकारी रुग्णालयात करून घ्यावी.

सीटची उंची

गुडघेदुखीचे निम्मे कारण आम्हाला सीटमध्ये सापडले. आपण पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतो. मग पायडल मारताना गुडघा फार वाकतो आणि पुढून दुखतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पुढच्या तळव्याने पायडल मारले, की गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेच योग्य. सवय होईपर्यंत बोटभर-बोटभर वर करावी.

ज्यांना मधल्या दांडीवरून पाय टाकणे जमत नाही, त्यांनी बिनदांडीची लेडीज सायकल घ्यावी. यात लाज कसली? आमच्यातले दोघे तीच चालवतात. बायकांनी साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालावा, ओढणी कमरेला बांधावी आणि चेनला कव्हर असावे.

साखर उतरली तेव्हा

एकदा परतीच्या वाटेवर आमचे फिटर मित्र अचानक मागे पडले. हाक मारली तर उत्तर भलतेच. अंगाला घाम, हात थरथरत होते. सकाळी त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि उशीर नको म्हणून काही खाल्ले नव्हते. ताईंनी लगेच ओळखले. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, सावलीत बसवले. १५ मिनिटांनी पुन्हा पाहिले, तोवर ते भानावर आले होते. मग पोळी खाऊ घातली आणि त्यांना ऑटोने घरी पाठवले.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने फार खाली जाऊ शकते. अशांनी उपाशीपोटी निघू नये. ग्लुकोमीटर असेल तर तपासावे, साखर १०० च्या खाली असेल तर आधी खावे. डोस किती ठेवायचा हे डॉक्टरांनाच विचारावे, मनाने गोळी बंद करू नये. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट १०८ ला फोन करावा. त्या दिवसापासून साखरेची पुडी प्रत्येकाच्या खिशात असते.

सोबतीचे नियम

सर्वांत हळू चालवणारा पुढे, सर्वांत दमदार शेवटी. वेग पुढच्याचा. डाव्या कडेने, एकामागे एक, मध्ये दोन सायकलींचे अंतर. ट्रकचा रस्ता टाळायचा. प्रत्येक वळणावर माणसे मोजायची. डोक्याला हेल्मेट, खिशात नाव, घरचा फोन आणि गोळ्यांची चिठ्ठी. पंक्चरचे सामान आणि पंप एकाकडे.

पहिल्या महिन्यात चार-पाच किलोमीटरच जावे, मग हळूहळू वाढवावे. तहान लागायची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. ज्यांना हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी तेच प्रमाण पाळावे. उन्हाळ्यात आठच्या आत घरी यावे, मे महिन्यात आम्ही सायकल बंदच ठेवतो. थांबल्यावर तर्री-पोहे खायचा मोह होतो. महिन्यातून एकदा ठीक आहे, दर रविवारी खाल्ले तर केलेली मेहनत तेलात जाते.

छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, चक्कर यांपैकी काहीही झाले तर 'गॅस असेल' म्हणून पुढे जाऊ नये. तिथेच थांबून १०८ ला फोन करावा. रक्त पातळ करणारी गोळी घेणारा पडला आणि डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी दवाखान्यात न्यावेच.

जे मित्र वर्षभर घराबाहेर पडत नव्हते, ते आता शनिवारी रात्रीच फोन करून विचारतात, "उद्या कुठे?" त्यांची साखर अजून पूर्ण आटोक्यात नाही, गोळ्या चालू आहेत. पण रविवारी चौकात सर्वांत आधी तेच उभे असतात. तुमच्याही वस्तीत असे कोणी घरात बसून असतील. या रविवारी त्यांचे दार वाजवा. गंजलेली सायकल बाहेर काढा, चेनला तेल घाला आणि पहिल्या दिवशी फक्त नाक्यापर्यंत जाऊन या.