विंचूदंशावरील उपचार आणि रुग्णाशेजारची वही

विज्ञानातील मोठे बदल दूरच्या प्रयोगशाळांतच घडतात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अनेक बदलांची सुरुवात रुग्णाच्या खाटेशेजारी, रोजच्या निरीक्षणातून होते. विंचूदंशावरील उपचार हे त्याचे आपल्या मराठवाड्याशी नाते असलेले उदाहरण आहे.

हदगाव परिसरात पऱ्हाट्यांचे ढीग, कडब्याच्या गंजी आणि दगडी बांध यांच्या सान्निध्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या ज्येष्ठांना विंचू आणि तो ‘उतरवणारा’ मांत्रिक हे दोन्ही परिचित आहेत. या श्रद्धेलाही कारण होते. पुष्कळ दंशांत केवळ तीव्र वेदना होतात आणि त्या काही तासांनी आपोआप शमतात. साहजिकच श्रेय मंत्राला मिळे. मात्र विष अंगात भिनलेल्या रुग्णाचा मोलाचा वेळ त्यात निघून जाई.

जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती. डॉक्टरांनी रुग्णांजवळ बसून लक्षणांची बारकाईने नोंद ठेवली: उलट्या, दरदरून घाम, गार पडणारे हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि पुढे फुप्फुसांत साठणारे पाणी. ही पूर्वलक्षणे १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

या नोंदींतून उपचाराची दिशा मिळाली. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये एकाएकी स्रवतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर असह्य ताण येतो. हा परिणाम रोखू शकणारे ‘प्राझोसिन’ हे औषध उच्च रक्तदाबासाठी आधीच वापरात होते. ते गोळीच्या रूपात असल्याने लहान गावातही देता येत होते. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा अनुभव १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच मांडला. त्यांच्या नोंदींनुसार मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत उतरले.

तरीही शोध तेथे थांबला नाही. आपलाच उपचार पुरेसा आहे का, हे त्यांनी ७० रुग्णांवर पडताळले. प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविष लस दिलेले रुग्ण सरासरी ८ तासांत, तर केवळ प्राझोसिन घेतलेले सुमारे १८ तासांत बरे झाले. हा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

परंतु औषध सापडले म्हणजे बदल पूर्ण होत नाही. रुग्ण मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखान्यात पोहोचला, तरच गोळीचा उपयोग होतो. हा निर्णय घरात घेतला जातो आणि त्यात ज्येष्ठांचा शब्द निर्णायक असतो.

म्हणून काही गोष्टी स्मरणात असाव्यात. दंशाची वेळ लिहून ठेवावी. वेदना कमी असली, तरी उलट्या, घाम किंवा हातपाय गार पडणे ही धोक्याची खूण समजावी. जखम कापू नये, घट्ट बांधू नये. विलंब न लावता आरोग्य केंद्र गाठावे. प्राझोसिन घरी स्वतःहून देऊ नये. या औषधाने, विशेषतः उठून उभे राहताना, रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. वृद्ध रुग्ण रक्तदाबाची, हृदयविकाराची किंवा प्रोस्टेटची औषधे घेत असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

शुश्रूषा करणाऱ्याने घरी ठेवलेली अशी साधी नोंद डॉक्टरांच्या निदानाला आधार देते. कोणते लक्षण केव्हा दिसले, हे बिरवाडीतही असेच एकेका रुग्णागणिक टिपले गेले होते.