कातळाला बिलगलेली टोपी

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून हरिहरेश्वरी गेलेला यात्रेकरू ओहोटीची वेळ साधून देवळामागच्या प्रदक्षिणेला निघतो, तेव्हा लाटांनी मधाच्या पोळ्यासारख्या पोखरलेल्या कड्याकडे त्याची दृष्टी खिळते. परंतु ज्या काळ्या पाषाणाने आपला सिंहगड घडला, त्याच पाषाणावर त्याच्या पायांजवळ दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या ज्या शंकूसारख्या टोप्या चिकटलेल्या असतात, त्या सजीव आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

हा लिंपेट, म्हणजे गोगलगाईच्याच गोतातला जीव. मात्र त्याच्या शंखाला वेटोळे नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या सेलाना रेडिएटा या जातीचे प्रथम वर्णन बॉर्न या शास्त्रज्ञाने १७७८ साली केले. शिखरापासून कडेपर्यंत किरणांप्रमाणे उतरणाऱ्या कंगोऱ्यांवरून तिला हे नाव पडले. शिखर नेमके मध्यावर नसून किंचित पुढे झुकलेले असते, आणि रिकामा शंख उलटा केला तर आत रुपेरी झाक दिसते.

भरती-ओहोटीच्या दरम्यानचा पट्टा हा त्याचा मुलूख. तिथे लाटांचा मार आणि उन्हाचा ताप दोन्ही सोसावे लागतात. म्हणून ओहोटीत तो रुंद, मांसल पायाने कातळ घट्ट धरून बसतो आणि शंखाखाली थोडे पाणी राखून कल्ले ओले ठेवतो. कातळ ओला असताना तो हळूहळू सरकत दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. या गोतातल्या कित्येक जाती चरून झाल्यावर आपल्या ठरलेल्या जागी परततात आणि त्या जागेच्या खाचाखोचांबरहुकूम शंखाची कड वाढवतात. कबजा इतका पक्का की काही ठिकाणी दगडावर त्यांचे कायमचे वर्तुळ उमटते.

त्यांच्या जिभेवरचे सूक्ष्म दात तर विलक्षणच. गोएथाइट या लोहखनिजाच्या तंतूंनी ते मजबूत झालेले असतात, आणि युरोपातील एका जातीचे दात कोळ्याच्या धाग्याहूनही बळकट असल्याचे २०१५ साली पोर्ट्समथ विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले.

मुलांना नवल दाखवण्यासाठी कित्येकजण सुरीच्या टोकाने ही टोपी उचकटतात. कड एकदा फुटली की ती दगडाशी पूर्वीसारखी मिळत नाही, आणि आतले पाणी दुपारच्या उन्हात टिकत नाही. तेव्हा वाचकहो, पुढच्या ओहोटीला तिथे जाल तर हात मागे ठेवा आणि गुडघे टेकून जवळून पाहा.