मजूरभरती परवाना, आंतरराज्यीय

एका राज्यात मजुरांची भरती करून त्यांना दुसऱ्या राज्यात कामास लावण्यासाठी कंत्राटदाराने शासनाकडून घ्यावयाची अनुज्ञप्ती. धंदा करण्याची मुभा देणे एवढाच तिचा हेतू नाही. मजूर कोणत्या गावाहून निघाला, तो कोणासाठी राबतो व त्याच्या मजुरीस कोण उत्तरदायी आहे, याची दोन्ही राज्यांत नोंद राहावी, हा तिचा मुख्य उद्देश होय.

ओडिशात सरदार किंवा खातेदार नावाचे हस्तक गावोगाव मजूर जमवून त्यांना दूरच्या बांधकामांवर पाठवीत. या प्रथेस ‘दादन’ म्हणत. दरमहा हिशेब चुकता करण्याचे आश्वासन दिले जाई. परंतु कामावर पोहोचल्यावर ते पाळले जात नसे. १९७६ मध्ये कामगारमंत्र्यांच्या परिषदेत या प्रश्नाचा विचार झाला व त्यातून आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम १९७९ मध्ये संमत झाला. तो २ ऑक्टोबर १९८० पासून अंमलात आला.

परवान्याची पद्धती : पाच किंवा अधिक आंतरराज्य मजूर कामावर ठेवणाऱ्या आस्थापनेस व तितके मजूर पुरविणाऱ्या कंत्राटदारास हा अधिनियम लागू होता. कंत्राटदारास भरतीसाठी मूळ राज्यातील व काम देण्यासाठी यजमान राज्यातील अनुज्ञापन अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागे. अर्जात कामाचे ठिकाण व स्वरूप नमूद करून विहित शुल्क भरावे लागे. अधिकारी चौकशी करून व आवश्यक तेथे अनामत घेऊन ठराविक मुदतीचा परवाना देई. अटींचा भंग झाल्यास तो रद्द करता येई. ज्याच्यासाठी काम व्हावयाचे, त्या मुख्य नियोक्त्यासही आपल्या आस्थापनेची नोंदणी करावी लागे.

परवान्याबरोबर येणारी कर्तव्ये अधिक महत्त्वाची होती. मजुरांचा तपशील पंधरा दिवसांच्या आत दोन्ही राज्यांस कळविणे, प्रत्येकास छायाचित्र असलेली नोंदपुस्तिका देणे, मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये यांपैकी जी अधिक असेल ती विस्थापन भत्ता म्हणून देणे, तसेच जाण्यायेण्याचा खर्च, निवारा व औषधोपचार यांची सोय करणे ही त्यांतील प्रमुख होत. कंत्राटदाराने मजुरी बुडविल्यास ती चुकविण्याचे दायित्व मुख्य नियोक्त्यावर येई.

चंद्रपूर–गडचिरोली भाग : सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी इ. तालुक्यांत भात हे मुख्य पीक असून सिंदेवाही येथे भात संशोधन केंद्र आहे. जेथे सिंचन अपुरे आहे, तेथे धानाची कापणी-मळणी आटोपल्यावर शेतात काम उरत नाही आणि तेंदूपानांचा हंगाम उन्हाळ्यात येतो. मधल्या काही महिन्यांत या भागातील अनेक कुटुंबे तेलंगणातील वरंगळ, खम्मम इ. भागांत मिरची तोडणीसाठी जातात. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. टोळी गावातीलच मुकादम जमवितो व शेतमालकाशी बोलणी तोंडी होतात. मुकादम स्वतःस कंत्राटदार मानीत नाही व शेतमालकही स्वतःस मुख्य नियोक्ता समजत नाही. परिणामी व्यवहार भरतीचाच असूनही परवाना, नोंदपुस्तिका व भत्ता यांपैकी काहीही मजुराच्या वाट्यास सहसा येत नाही.

या उणिवेचे परिणाम मार्च २०२० मधील टाळेबंदीत उघड झाले. तोडणीचा हंगाम चालू असतानाच वाहने थांबली व राज्यांच्या सीमा बंद झाल्या. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील हजारो मजूर तेलंगणात अडकले. अनेकांनी जंगलवाटांनी पायी घर गाठण्याचा प्रयत्न केला. कोणत्या गावचे किती मजूर कोणाच्या शेतावर आहेत, हे सांगणारी नोंदवही असती, तर त्यांना शिधा व वाहन पोहोचविणे सुकर झाले असते. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजीच्या निर्णयात १९७९ च्या अधिनियमाखाली आस्थापना व कंत्राटदार यांची नोंदणी करण्याचे निर्देश दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ ही राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. तीत मजूर स्वतःचे नाव नोंदवू शकतो. मात्र त्याला नेणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे निश्चित होत नाही.

नवी संहिता : व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली व तिने १९७९ च्या अधिनियमाची जागा घेतली. स्वतःहून परराज्यात येऊन काम मिळविणाराही तीत स्थलांतरित कामगार गणला जातो, तसेच जाण्यायेण्यासाठी ठोक प्रवासभत्त्याची तरतूद आहे. कंत्राटदाराचा परवाना पाच वर्षांचा असून कंत्राटी मजुरांकडून दलाली घेण्यास त्यास मनाई आहे. तथापि स्थलांतरितांविषयीच्या तरतुदी दहा किंवा अधिक स्थलांतरित मजूर असलेल्या आस्थापनेस व कंत्राटी परवान्याच्या तरतुदी पन्नास किंवा अधिक मजूर असल्यासच लागू होतात. विस्थापन भत्ताही वगळण्यात आला आहे. त्यामुळे वीस-पंचवीस जणींची टोळी नेणारा मुकादम परवान्याच्या कक्षेबाहेरच राहतो.

परदेशी भरतीशी तुलना : परदेशात कामगार पाठविण्याच्या धंद्यास १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने अशी संख्येची सूट ठेवली नाही. भरतीचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक अभिकर्त्यास उत्प्रवासी महासंरक्षकाकडे नोंदणी करून बँक हमी द्यावी लागते आणि कामगाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्कासही मर्यादा असते. कामगारास मायदेशी परत आणण्याची वेळ आल्यास त्या खर्चासाठी ही हमी उपयोगी पडते. आखाती देशांत जाणाऱ्या सुतारास कायद्याने दिलेले हे संरक्षण गोदावरीपलीकडील मिरचीच्या शेतात जाणाऱ्या मजूर स्त्रीस मिळत नाही. टोळी लहान असली, तरी मजुरी बुडण्याचा किंवा वाटेत अपघात होण्याचा धोका लहान होत नाही. म्हणून परवान्याची गरज मजुरांच्या संख्येवरून ठरविणे अपुरे आहे.