लांब नांवांचीं आखूड चिन्हें

आय.बी.एम. कंपनीनें १९६४ सालीं जाहीर केलेल्या ‘सिस्टिम ३६०’ या महागणकांत संचयांतील घटकास आठच रोमन अक्षरांचें नांव देतां येई. पहिलीं आठ अक्षरें ठेवून बाकीचीं गाळावीं, तर ‘स्टुडंटफीज’ व ‘स्टुडंटफाइन्स’ हीं एकरूपच होतात. मग फी भरणाऱ्याच्या माथीं दंड बसावयाचा!

याच कंपनीचे हान्स पीटर लून यांनीं १९५३ सालीं सुचविलेली युक्ति निराळी: नांवावर गणित करून लहान अंक काढावा. समजा, अक्षरांच्या क्रमांकांवरून संख्या बनवून तिला ९७ नें भागिलें व बाकी घेतली. परंतु बाक्या ९७च. ९८ वें नांव येतांच कोठें तरी टक्कर होणारच. म्हणून दिलेल्या चिन्हांची वही ठेवून, जागा भरलेली दिसल्यास पुढील मोकळा अंक द्यावा लागतो. आम्हांस गणितापेक्षां ही वहीच महत्त्वाची वाटते. ती हरवून नांवें निराळ्या क्रमानें पुन्हां घातलीं, तर टक्कर झालेल्यांचीं चिन्हें बदलूं शकतात.