उत्तरेचा हिवाळा आणि मनाची मरगळ

नॉर्वे देशातील र्‍युकान हे गाव उंच डोंगरांमधील अरुंद दरीत वसले आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य डोंगराआड जातो, तो मार्चमध्येच गावाच्या चौकात पुन्हा दिसतो. रहिवाशांना हिवाळ्यात थोडे ऊन मिळावे म्हणून १९२८ साली तेथे डोंगरावर नेणारा रज्जुमार्ग बांधण्यात आला. २०१३ मध्ये याहून धाडसी उपाय योजण्यात आला. गावाच्या वर सुमारे ४५० मीटर उंचीवर तीन मोठे आरसे बसविण्यात आले. ते सूर्याच्या गतीनुसार फिरतात आणि चौकातील सुमारे ६०० चौरस मीटर जागेवर ऊन पाडतात. उन्हाला त्रासलेल्या आपल्याकडील माणसास हा खटाटोप हौशीचा वाटेल. परंतु त्यामागे शरीराची खरीखुरी गरज आहे.

डॉ. नॉर्मन रोझेन्थाल हे १९७६ साली दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आले. हिवाळ्यात आपला उत्साह मावळतो आणि वसंतात तो परत येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९८४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुजन्य विषादाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. अशा व्यक्तीस झोप फार येते, गोड व पिष्टमय पदार्थ खावेसे वाटतात, वजन वाढते, कामात व माणसांत मन रमत नाही. सकाळचा प्रकाश डोळ्यांवाटे मेंदूतील जैविक घड्याळास दिवस उगवल्याची खूण देतो. ही खूण उशिरा व क्षीण मिळाल्यास झोपेचे व मनाचे वेळापत्रक बिघडते, असे मानले जाते. म्हणजे हा आळस नव्हे, की मनाचा दुबळेपणाही नव्हे.

मुंबईत वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये तो आठ तासांहून कमी, तर स्टॉकहोममध्ये जेमतेम सहा तासांचा भरतो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी तरुणास पहिला बर्फ पाहण्याचे अप्रूप असते. ते डिसेंबरात सरते. खरा कस जानेवारी-फेब्रुवारीत लागतो. कोकणात आंबा मोहरलेला असतो, घरचे लोक दूरध्वनीवर उकाड्याच्या गोष्टी बोलू लागतात आणि इकडे मुलाला अंथरुणातून उठवत नाही. "जरा मन घट्ट कर" हा वडीलधाऱ्यांचा सल्ला प्रेमाचा खरा, पण अपुरा.

उपाय मात्र आहेत. आभाळ भरलेले असतानाही बाहेरचा प्रकाश घरातील दिव्यांच्या अनेक पट असतो; म्हणून सकाळी उजाडताच बाहेर फिरणे हा पहिला व बिनखर्चाचा उपाय होय. त्याने भागले नाही, तर १०,००० लक्स तीव्रतेच्या खास दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचार करतात. दिव्याकडे टक लावून पाहावयाचे नसते; समोर बसून वाचन वा न्याहारी करावी. त्वचा काळवंडविण्याचे दिवे यासाठी वापरू नयेत. नेत्रविकार असल्यास, किंवा पूर्वी उन्मादाचा झटका येऊन गेला असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हा उपचार करू नये. उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही बदलू नये. विचारांची व वागण्याची घडी बदलणारी मानसोपचार पद्धती आणि औषधे यांचाही चांगला उपयोग होतो.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर राहत्या देशातील डॉक्टरांना भेटावे; जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आल्यास एक दिवसही थांबू नये. इकडे काळजीत असलेल्या आईवडिलांना शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळू शकतो.