विश्लेषण : थंडीत सायकलने ऑफिसला जावे का? पारा, धूर आणि अंधाराचे गणित काय सांगते?

थंडी पडली की पुण्यात पार्किंगमधल्या सायकलींवरची धूळ झटकली जाते. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात घाम. त्यामुळे सायकलने ऑफिसला जायचे तर हिवाळ्यातच, असा अनेकांचा हिशेब असतो. पण पंधरा दिवस होतात न होतात तोच घसा खवखवू लागतो, सकाळी खोकला येतो आणि घरातून ऐकू येते, ‘थंडी बाधली. आता सायकल पुरे.’ कोथरूड ते शिवाजीनगर असे जेमतेम सात किलोमीटर अंतर सायकलने येताना मीही हे दोन हिवाळे ऐकले आहे. घसा बसण्यामागे साधा संसर्गही असू शकतो. तरीही प्रश्न उरतोच : बाधते ती थंडी, की थंडीत अडकून राहिलेली हवा? आणि उत्तर काहीही असले, तरी सायकल सोडून द्यावी का?

पुण्याची थंडी सायकलस्वाराला किती लागते?

पुण्यातील आजवरचे सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस. ते १७ जानेवारी १९३५ रोजी नोंदले गेले. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास असतो. शहरभर तो सारखा नसतो. पाषाण, एनडीए परिसरात तो खाली असतो, तर मगरपट्टा, वडगाव शेरीत काही अंशांनी वर. दाट बांधकाम आणि डांबर दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहते, हे त्याचे एक कारण. नदीपात्रातल्या रस्त्यावर उतरताच गारवा एकदम वाढतो तो थंड हवा जड असल्यामुळे. पाण्यासारखी तीही सखल भागाकडे वाहत जाते.

सायकलस्वार स्वतःच वारा तयार करतो. वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या तापमानाचे हवामानशास्त्रात एक सूत्र आहे. त्यात १० अंश आणि ताशी २० किलोमीटर वेग घातला, तर ढोबळमानाने ७ अंश उत्तर येते. तापमान ८ अंश असेल तर जाणवते ५ अंश. म्हणजे फरक तीन अंशांचा. उतारावर तो आणखी वाढतो. बोटे, कान आणि नाक आधी गार पडतात, कारण शरीर आतले अवयव गरम ठेवण्यासाठी टोकाकडचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबायला उशीर होतो, म्हणून हातमोजे गरजेचे.

बाकी शरीराची काळजी पायच घेतात. पॅडलवर ७५ वॉटची ताकद लावायची तर शरीर साधारण ३०० वॉट ऊर्जा खर्च करते. उरलेल्या सव्वादोनशे वॉटची उष्णता होते. जुन्या काळचे शंभर वॉटचे दोन बल्ब अंगात लावल्यासारखेच हे. त्यामुळे दहाव्या मिनिटाला स्वेटर नकोसा वाटतो. सोपा नियम असा, की घराबाहेर पडताना थोडी थंडी वाजली तर कपडे बरोबर आहेत. उबदार वाटले तर जास्त झाले. आत घाम लवकर वाळेल असा टी-शर्ट, वर पातळ विंडचीटर आणि हेल्मेटखाली बसेल अशी पातळ टोपी पुरते. ऑफिसात पोहोचल्यावर ओला टी-शर्ट मात्र लगेच बदलावा. हुडहुडी बहुतेक वेळा रस्त्यावर भरत नाही. ती घाम अंगावर वाळू दिल्यावर, एसीखाली भरते.

मग खोकला कशाने होतो?

एक कारण कोरडी, गार हवा. जोरात पॅडल मारताना आपण तोंडाने श्वास घेतो. नाकात हवा जशी गरम आणि ओलसर होते, तशी तोंडात होत नाही. श्वासनलिकेचे अस्तर कोरडे पडते. दमा असलेल्यांच्या श्वासनलिका त्यामुळे आकसू शकतात. तोंडावरून मफलर किंवा बफ घेतला, पहिली पाच-सात मिनिटे सावकाश चालवले तर हा त्रास बराच कमी होतो. दम्याच्या रुग्णांनी हिवाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून इन्हेलर कधी घ्यायचा हे ठरवून ठेवावे.

दुसरे कारण हवेत अडकलेला धूर. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते. जमीन रात्री उष्णता झपाट्याने गमावते. तिला चिकटलेली हवा गार होते आणि वरची हवा तुलनेने गरम राहते. एरवी असते त्याच्या हे उलट. गार, जड हवा वर जात नाही. शहरावर जणू झाकण बसते. वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, जाळलेला पालापाचोळा, पहाटेच्या शेकोट्या हे सगळे त्या झाकणाखाली साचत राहते. भोवताली टेकड्या असलेल्या पुण्यासारख्या शहरात वारा पडलेला असेल, तर ते हलतही नाही. ऊन वर येऊन जमीन तापल्यावरच झाकण उघडते.

सकाळची हवा सर्वांत शुद्ध असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुण्यातल्या हिवाळ्यात ते बहुतेक दिवशी खरे नसते. दिवसातली बरी हवा मिळते ती दुपारी.

सायकलस्वाराच्या फुप्फुसात जास्त धूर जातो का?

हो. बेल्जियममध्ये २०१० साली झालेल्या एका अभ्यासात सायकलस्वार दर मिनिटाला कारमधल्या प्रवाशापेक्षा सरासरी ४.३ पट हवा आत घेतो, असे आढळले. म्हणजे आजूबाजूची हवा तीच असली, तरी फुप्फुसात जाणारे कण जास्त.

हे वाचून अनेक जण सायकल विकायला काढतील. पण हा हिशेबाचा अर्धाच भाग झाला. उरलेल्या अर्ध्यात व्यायामाचा फायदा येतो. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसले. सगळे श्रेय सायकललाच देता येणार नाही, कारण अशा लोकांच्या इतर सवयीही चांगल्या असू शकतात. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

फायदा कधी संपतो आणि तोटा कधी सुरू होतो?

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये हा हिशेब मांडला गेला. हवेतील पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, हा त्याचा आधार. दोन आकडे लक्षात ठेवावेत. रोज अर्धा तास सायकल चालवणाऱ्यासाठी ही पातळी घनमीटरला ९५ मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचली, तर त्यापुढे अधिक वेळ चालवून अधिक फायदा मिळत नाही. पातळी १०० असेल, तर रोज दीड तासापेक्षा जास्त सायकल चालवल्यावर एकूण तोटा फायद्याहून मोठा होतो.

हे आकडे शहराच्या हवेच्या सर्वसाधारण पातळीचे आहेत, एखाद्या सकाळचे नाहीत. पुण्याची वर्षाची सरासरी ९५ पेक्षा बरीच खाली असते. त्यामुळे रोज तासाभराच्या आत येणे-जाणे करणाऱ्या निरोगी माणसाने हिवाळा आहे म्हणून सायकल सोडण्याचे कारण नाही. मात्र काही सकाळी विशिष्ट चौकांत हवा फार बिघडते. त्या दिवशी सुट्टी घेणेच शहाणपणाचे.

तो दिवस ओळखायचा कसा?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर आणि पुण्यातील आयआयटीएम या संस्थेच्या ‘सफर’ प्रणालीवर जवळच्या केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक (एक्यूआय) दिसतो. १०० पर्यंत निश्चिंतपणे निघावे. १०१ ते २०० म्हणजे ‘मध्यम’. हिवाळ्यात हाच गट सर्वाधिक दिसतो. अशा वेळी वेग कमी ठेवावा आणि आतला रस्ता धरावा. दमा, हृदयविकार असलेल्यांनी थांबावे. २०० च्या वर ‘वाईट’ श्रेणी सुरू होते. त्या दिवशी बस किंवा मेट्रो बरी.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा निर्देशांक साधारणतः मागील २४ तासांच्या सरासरीवर ठरतो. त्यामुळे अॅप ‘मध्यम’ म्हणत असताना समोरच्या चौकातली हवा त्याहून वाईट असू शकते. धुराचा थर डोळ्यांना दिसत असेल, जळका वास येत असेल, तर डोळ्यांवर आणि नाकावर विश्वास ठेवावा.

वेळ आणि रस्ता बदलून काय साधते?

फुप्फुसात जाणारा धूर तीन गोष्टींवर ठरतो : हवेत कण किती, श्वास किती जोरात आणि वेळ किती. तिन्ही थोड्याफार आपल्या हातात आहेत.

रस्ता : मुख्य रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेले, की वाहनांच्या ताज्या धुरातले अतिसूक्ष्म कण झपाट्याने कमी होतात. पीएम २.५ तितके उतरत नाही, कारण ते शहरभर पसरलेले असते. तरी कर्वे रस्त्याऐवजी गल्लीबोळ किंवा कालव्याकाठचा रस्ता धरला, तर सिग्नलला बसच्या मागे उभे राहणे टळते. एक-दीड किलोमीटरचा वळसा परवडतो.

वेळ : सकाळी आठ ते साडेनऊच्या सुमारास गर्दी वाढलेली असते आणि झाकण अजून उघडलेले नसते. शक्य असेल तर थोडे आधी, रस्ते मोकळे असताना निघावे किंवा ऊन चढल्यावर, दहाच्या पुढे. ज्या ऑफिसांत वेळेत अर्ध्या तासाची सवलत आहे, तिथल्या सायकलस्वारांना याचा थेट फायदा होतो.

वेग : चढावर जोर लावून दम लागू देण्यापेक्षा खालचा गिअर टाकून सावकाश चढावे. कापडी रुमाल थंडी अडवतो, पीएम २.५ नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन ९५ मास्क लागतो. तो लावून जोरात चालवणे जड जाते, म्हणजे वेग आपोआप कमी होतो!

अंधार आणि टायर : विसरले जाणारे दोन मुद्दे

डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य सहाच्या आतच मावळतो. जानेवारीच्या मध्यात तो उगवायला सात वाजून दहा मिनिटे होतात. म्हणजे साडेसहाला ऑफिस सुटले, तर परतीचा सगळा रस्ता अंधारात. त्यात सूर्यास्तानंतर झाकण पुन्हा बसू लागते आणि धुरक्यात मागून येणाऱ्या चालकाला काळा स्वेटर दिसत नाही. मागे लाल, पुढे पांढरा दिवा हवाच. घोट्याला चमकणारी पट्टी बांधावी. वर-खाली हलणारा प्रकाश पाहून हा सायकलस्वार आहे हे चालकाच्या पटकन लक्षात येते.

टायरचे गणित अकरावीच्या भौतिकशास्त्रातले. दुपारी ३० अंशांत ५० पीएसआय हवा भरली, तर पहाटे १० अंशांत ती चार पीएसआयने कमी होते. गळती नसतानाही टायर मऊ लागतो आणि पाय भरून येतात. आठवड्यातून एकदा, तेही सकाळी, हवा तपासावी.

उणे तापमानातही लोक सायकल कसे चालवतात?

फिनलंडमधील ओउलू हे शहर आर्क्टिक वृत्ताच्या थोडेसेच दक्षिणेला आहे. तिथे हिवाळाभर बर्फ असतो. तरीही शाळकरी मुले सायकलने जातात. हिवाळी सायकलिंगवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली. ओउलूकरांची कातडी काही वेगळी नाही. सायकलमार्गांचे सलग जाळे, पुरेसे दिवे आणि बर्फ पडताच सायकलमार्ग मोकळे करण्याची शिस्त, हे त्यामागचे कारण.

पुण्याच्या सायकल आराखड्याला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरच्या जाळ्याची आखणी आहे. प्रत्यक्षात अनेक ट्रॅक मध्येच संपतात, काहींवर गाड्या उभ्या असतात आणि संध्याकाळी दिव्यांचा उजेड झाडांत अडकतो. पुण्यात बर्फ नाही. अडथळे आहेत ते माणसांनी उभे केलेले.

ज्यांना वेळ निवडता येत नाही, त्यांचे काय?

वरचे सगळे सल्ले ज्याच्याकडे पर्याय आहे त्याच्यासाठी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेती आणि घरगुती उद्योग वगळता इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के, म्हणजे अडीच कोटींहून अधिक लोक सायकलने कामावर जात होते. कारने जाणारे तीन टक्केही नव्हते. पहाटे पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीचा कामगार यांच्यासाठी सायकल हा छंद नाही. निर्देशांक वाईट असला म्हणून त्यांना मेट्रो धरता येत नाही की दहानंतर निघता येत नाही. झाकणाखालची हवा सर्वांत जास्त त्यांच्याच वाट्याला येते.

त्यांच्यासाठी करण्यासारखे बरेच काही सोसायटीच्या गेटवरच आहे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच दिला आहे. तरी पहाटेच्या शेकोटीत पालापाचोळ्यासोबत प्लॅस्टिक जळताना दिसते, कारण वॉचमनला दुसरी ऊब नसते. त्याला एक जाड जॅकेट आणि केबिनमध्ये छोटा हीटर दिला, तर शेकोटी पेटणार नाही. पालापाचोळ्याचे खत करता येते. त्या गेटसमोरून पहाटे साडेपाचला जो पेपरवाला सायकलवर जातो, त्याच्या छातीत तेवढा धूर कमी जाईल. साडेनऊला त्याच रस्त्याने ऑफिसला निघणाऱ्यांच्याही.